किऑस्कमधला थर्मल प्रिंटर : बसवायचा कसा आणि अडला की बघायचं काय

थर्मल प्रिंटर टेबलावर ठेवून चालवला की गरीब गाईसारखा चालतो, तोच पत्र्याच्या डब्यात बसवून दाराला कुलूप लावलं की आठ दिवसांत नाटकं सुरू. मी सोलापुरात टोकन आणि पावतीचे किऑस्क, म्हणजे स्क्रीनवर बटण दाबून टोकन किंवा पावती घ्यायचे डबे, बसवायची कामं करतो, कँटीन, पार्किंग, दवाखान्याची ओपीडी असली, आणि फोन कायम एकच येतो, "मालक, प्रिंटर गेला." जाऊन बघावं तर प्रिंटर ठणठणीत असतो, गेलेलं असतं त्याच्या भोवतीचं कायतरी, सप्लाय, कागद, हवा, नाहीतर कॉम्प्युटरमधली छापायच्या कामांची रांग. त्यामुळं खाली प्रिंटरपेक्षा डब्याबद्दल जास्त लिहिलंय, ते मुद्दाम.

आधी दोन मिनिटांत हे चालतं कसं ते. शाई नसते. कागदावरच एक लेप असतो, त्यात बिनरंगी डाय आणि त्याला रंग आणणारं आम्लासारखं रसायन शेजारी शेजारी बसलेलं असतं, उष्णता लागली की दोन्ही वितळून एकत्र येतात आणि काळं होतं. प्रिंट हेडवर एका मिलिमीटरला ८ बारीक ठिपके असतात, तेच तापतात आणि गार होतात. ८० मिमीच्या कागदावर छपाई होते ७२ मिमी, म्हणजे ५७६ ठिपके, आणि ५८ मिमीच्या कागदावर ४८ मिमी, ३८४ ठिपके. हे आकडे पाठ ठेवा, पुढं लोगो आणि मराठीच्या वेळी लागतात. किऑस्कसाठी ५८ घेऊ नका असं माझं मत, पावती लांबडी होते, त्यातल्या बऱ्याच मॉडेलला कटर नसतो आणि लोक कागद तिरका ओढून फाडतात. ८० मिमी, ऑटो कटरवाला, २४ व्होल्टचा घ्या.

आता सप्लाय. ८० मिमीच्या प्रिंटरबरोबर बहुतेक वेळा २४ व्होल्ट, अडीच अँपिअरचा अॅडॉप्टर येतो. तो डब्यात मावत नाही म्हणून बाजूला टाकतात आणि टचस्क्रीन, मिनी पीसी, पंखा, प्रिंटर सगळं एकाच एसएमपीएसवर (पत्र्याच्या पेटीतला पॉवर सप्लाय) बांधतात, तिथंच घोळ होतो. हेड एका वेळी शेकडो ठिपके तापवतं तेव्हा करंट क्षणभर एकदम वर जातो, साधा मजकूर असेल तर निभावतं पण लोगो किंवा क्यूआर कोडचा काळा भाग आला की व्होल्टेज पडतं आणि प्रिंटर मधेच रिसेट होतो. ओळखायची खूण सोपी आहे, अर्धी पावती आली आणि तीही बरोबर काळ्या भागापाशी थांबली, किंवा प्रिंट होताना स्क्रीन लुकलुकली, तर सप्लायच बघा. प्रिंटरला त्याचा वेगळा सप्लाय द्या, वायर जाड आणि आखूड ठेवा. लाइट जाऊन आली की व्होल्टेज झटका मारतं, म्हणून यूपीएस, आणि अर्थिंग खरंखुरं. न्यूट्रल आणि अर्थच्या मधे मीटर लावून बघा, २-३ व्होल्टच्या आत पाहिजे. आपल्याकडं उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की कागद सुटताना स्टॅटिक तयार होतं, अर्थिंग नसेल तर यूएसबी तेवढ्यानं पण हँग होतो, आणि मग लोक केबल बदलत बसतात.

बसवताना सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रिंटरच्या तोंडापासून डब्याच्या फटीपर्यंतचं अंतर. हे जितकं कमी तितकं चांगलं, आणि मधे कुठंही पत्र्याची कड आडवी येता कामा नये. कागद गुंडाळीतून येतो म्हणजे त्याला वळायची सवय असते, मधे जरा जागा मिळाली की तो आतच वळतो, मागून दुसरी पावती येते, ती त्याच्यावर चढते, आणि संध्याकाळी दार उघडलं की आत पावत्यांचा बोळा. फट जरा उतरती ठेवा आणि आतल्या कडा कानशीनं घासून घ्या. फॅब्रिकेशनवाल्याला पत्रा कापायच्या आधी प्रिंटर हातात द्या, नुसतं ड्रॉइंग देऊ नका, तो "बसतंय की" म्हणतो आणि नंतर बसत नाही.

कट अर्धा ठेवायचा की पूर्ण, यावर लोक भांडतात. पावती पकडून बाहेर ढकलणारा प्रेझेंटर असेल तर पूर्ण ठेवा. नसेल तर अर्धा, म्हणजे मधे एक टिंब शिल्लक राहतं, पावती आत पडत नाही आणि गिऱ्हाईक हलकेच ओढून घेतं. आणखी एक, कटर हेडच्या पुढं एक-दोन सेंटीमीटरवर असतो, म्हणून छापलं की लगेच कट मारला तर शेवटच्या ओळी आतच राहतात आणि पुढच्या माणसाच्या पावतीच्या डोक्यावर येतात. २९, ८६, ६६, ० हे चार बाइट पाठवले की प्रिंटर स्वतः कागद कटरपर्यंत सरकवून अर्धा कट मारतो. हे आकडे दशमान आहेत, ईएससी-पीओएस नावाची जी एप्सनची कमांडची भाषा आहे त्यातले, आणि बाजारातले बहुतेक प्रिंटर तीच समजतात.

आता उष्णता, इथं मी स्वतः मार खाल्लाय. एका पार्किंगचा किऑस्क बसवला फेब्रुवारीत, पश्चिमेकडं तोंड करून, काळा रंग मारलेला पत्रा, दिसायला एकदम भारी. एप्रिलात तक्रार, दुपारी तीननंतर पावत्या राखाडी येतात आणि प्रिंटर पाच-सहा पावत्या झाल्या की थांबतो, जरा वेळानं आपोआप सुरू होतो. मी दोनदा ड्रायव्हर टाकला, हेड पुसलं, घनता (छपाईचा गडदपणा) वाढवली, वाढवल्यावर तर अजून लवकर थांबायला लागला. मग एक दिवस भर दुपारी गेलो आणि दार उघडून हात आत घातला, भट्टी! बाहेर ४२ अंश, उन्हात तापलेल्या काळ्या डब्यात त्याच्या कितीतरी वर. हे प्रिंटर साधारण ४५-५० अंशापर्यंत चालायला बनवलेले असतात, आणि हेडला तापमान मोजणारा थर्मिस्टर असतो, तो जास्त गरम झालं की स्वतःच थांबवतो, गार झालं की सोडतो. म्हणजे प्रिंटर आपलं काम बरोबरच करत होता. कागदाचा लेप पण साधारण ६०-७० अंशापासून रंग धरायला लागतो, त्यामुळं वरच्या पत्र्याला चिकटून ठेवलेले जादाचे रोल तर बिनछापताच काळवंडले होते. उपाय काय केला, पांढरा रंग, वर शेडनेट, डब्याला खाली आणि वर भोकं, वरच्या भोकाला बाहेर हवा फेकणारा १२ व्होल्टचा पंखा, आणि घनता एक पायरी खाली. भोकांना बारीक जाळी मात्र लावाच, नाहीतर पाली आत शिरून घर करतात, उबदार जागा आहे ना.

कागदाबद्दल थोडं जास्त बोलतो कारण इथं फसवणूक लै. रोलवर ५० मीटर लिहिलेलं असतं पण आतली नळी जाड असते आणि कागद ३५ मीटरसुद्धा नसतो. मोजायचा कसा? वजनकाट्यावर टाका. ८० मिमी रुंद ५० मीटर म्हणजे ४ चौरस मीटर कागद, ४८ जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ४८ ग्रॅम) असेल तर १९२ ग्रॅम, ५५ चा असेल तर २२० ग्रॅम, वर नळीचं वजन वेगळं. रोल दीडशे ग्रॅमच भरला तर दुकानदाराला परत द्या, वाद घालायची गरज नाही, काटाच बोलतो. १० सेंटीमीटरची पावती धरली तर पूर्ण ५० मीटरमधे ५०० पावत्या बसतात, यावरून रोल किती दिवस पुरणार ते काढा. दुसरं, शेवटचं टोक नळीला डिंकानं चिकटवलेले रोल किऑस्कमधे वापरू नका, संपताना कागद सुटत नाही, मोटर ओढत राहते आणि रोलर चावून बसतो.

कागद उलटा घातला की पावती कोरी येते. नवीन पोरगा रोल बदलतो तेव्हा हे होणारच. नखानं दोन्ही बाजूला जोरात ओरखडा मारा, ज्या बाजूला काळी रेघ उमटते ती बाजू हेडकडं. कागद पुढं सरकतोय पण काहीच छापत नाही अशी तक्रार आली की फोनवर पहिला प्रश्न हाच विचारायचा, पेट्रोल वाचतं.

जोडणी करताना कॉम्प्युटर लावायच्या आधी सेल्फ टेस्ट काढा. प्रिंटर बंद करून फीडचं बटण दाबून धरायचं, तसंच चालू करायचं, कागद निघायला लागला की सोडायचं. यात मॉडेल, इंटरफेस, बॉड रेट (सिरियल केबलवरचा डेटाचा वेग), लॅनवाला असेल तर आयपी, सगळं येतं. ही पावती फोटो काढून ठेवा. आणि पुढं कधीही बिघाड झाला की सगळ्यात आधी हीच टेस्ट. टेस्ट नीट आली तर प्रिंटर, कागद, सप्लाय तिघंही बरेचसे सुटले, भानगड केबलपासून कॉम्प्युटरपर्यंत कुठंतरी आहे. टेस्टच खराब आली तर सॉफ्टवेअरला हात लावू नका. लोक बरोबर उलटं करतात, आधी विंडोज फॉरमॅट मारतात.

विंडोजवर यूएसबी प्रिंटर एका पोर्टमधून काढून दुसऱ्यात घातला की विंडोज त्याला नवीन समजतं, यूएसबी००१ चं यूएसबी००२ होतं, आणि जुन्या नावावर पाठवलेलं सगळं हवेत. म्हणून केबल कुठल्या पोर्टला आहे तिथं मार्करनं खूण करा. पॉवर ऑप्शनमधे जाऊन यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (रिकामा यूएसबी झोपवणारी सोय) बंद करा, नाहीतर रात्रभर शांत राहिलेला किऑस्क सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाला प्रिंटर सापडत नाही म्हणतो. लिनक्सवर असाल तर प्रोग्रॅम ज्या युजरनं चालतो त्याला एलपी ग्रुपमधे (प्रिंटर वापरायची परवानगी असलेला गट) टाका, परवानगी नाही हा एरर त्यानंच येतो. लॅनवाल्याला आयपी पक्का द्या, राउटरवर सोडू नका, पोर्ट ९१००. सिरियलवाल्यात कचरा अक्षरं आली की सेल्फ टेस्टवरचा बॉड रेट आणि प्रोग्रॅममधला रेट जुळवा, बाकी काही नसतं.

आता मराठी. नवीन माणूस इथंच दोन रात्री जागतो. स्वस्तातल्या बहुतेक प्रिंटरच्या पोटात देवनागरी फॉन्ट नसतो, आणि असला तरी जोडाक्षरं, वेलांट्या नीट जुळवायचं डोकं त्याला नसतं. तुम्ही मराठी मजकूर सरळ पाठवला की चिनी अक्षरं छापून येतात, कारण बऱ्याच प्रिंटरमधे चिनी मोड आधीपासून चालू असतो आणि १२७ च्या वरचे बाइट तो जोडीनं चिनी समजतो. २८, ४६ पाठवून तो मोड बंद होतो, पण त्यानं चिनी जातं, मराठी येत नाही. रुपयाचं चिन्ह पण तसंच, ते आलंच २०१० साली, जुन्या कोड पेजमधे (प्रिंटरच्या पोटातला अक्षरांचा तक्ता) कुठून असणार, रु. लिहा आणि मोकळे व्हा. मराठीसाठी रस्ता एकच, पावती कॉम्प्युटरवर चित्र म्हणून काढायची, काळी-पांढरी करायची आणि रास्टर इमेज म्हणून, म्हणजे ठिपक्यांच्या ओळी करून, पाठवायची. चित्राची रुंदी बरोबर ५७६ ठिपके ठेवा, रुंदी ८ ने भागून ७२ बाइटची एक ओळ होते, हे चुकलं की पावती तिरकी फाटल्यासारखी येते. पायथॉनमधे असाल तर पायथॉन-ईएससीपीओएस लायब्ररी हे सगळं करते. या पद्धतीचा फायदा मला एका कँटीनला झाला, कामगारांत निम्मे घरी तेलुगू बोलणारे, काही कानडी, मालक म्हणाले टोकनवर तिन्ही भाषा पाहिजेत, चित्रच असल्यामुळं अर्ध्या तासात झालं. फक्त अक्षर जाड आणि मोठं ठेवा, बारीक वेलांटी थर्मलवर तुटते.

त्याच कँटीनची दुसरी गोष्ट. टॉवेलचा कारखाना, एमआयडीसीतला. किऑस्क म्हणतोय कागद संपला, आत रोल भरलेला. दोन दिवस मी फोनवरूनच सांगत होतो, रोल काढा, परत घाला, बंद चालू करा. मॅनेजर शेवटी वैतागले, "अण्णा, तुम्ही एकदा येऊनच बघा की." गेलो. कागद आहे की नाही बघणारा सेन्सर म्हणजे एक छोटा दिवा आणि समोरून परत आलेला उजेड ओळखणारा डोळा, आणि त्या डोळ्यावर कापसाच्या तुसाची गादी बसली होती. ब्रशनं झटकलं, चालू. सोलापुरात लूम किंवा टॉवेलच्या शेडमधे किऑस्क असेल तर महिन्याला ब्रश मारायचाच, सेन्सरला, रोलरला, गिअरला. उलटंही होतं, फटीतून थेट ऊन सेन्सरवर पडलं की तो गोंधळतो, सकाळी चालतो आणि संध्याकाळी नाही अशी तक्रार असेल तर उन्हाची दिशा बघा.

पावतीवर उभी पांढरी रेघ आली तर हेडवर घाण आहे किंवा ठिपका मेला आहे. प्रिंटर बंद करून गार होऊ द्या, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेडची रेघ एका दिशेनं पुसा, पाच मिनिटं वाळू द्या. रेघ तिथंच राहिली तर ठिपका गेला, हेड बदलणं आलं. ब्लेड, पिन, खिळा यातलं काही हेडला लावायचं नाही, मी एकाला चावीनं खरवडताना बघितलंय. एका बाजूला फिकट, दुसऱ्या बाजूला गडद येत असेल तर झाकण एका बाजूनं नीट बसलेलं नसतं, दोन्ही टोकांना दाबून टक असा आवाज काढा. सगळीच पावती फिकट असेल तर कागद बदलून बघा, मग सप्लायचं व्होल्टेज, आणि मगच घनता. घनता वाढवून चालवायची सवय लागली की हेडचं आयुष्य कमी होतं.

कटर अडकला की झाकण उघडत नाही आणि माणूस ताकद लावतो. लावू नका. प्रिंटर बंद करा, कटरच्या जवळ छोटं चाक असतं, काहींना ते पुढच्या प्लास्टिकच्या खाली असतं, ते बोटानं फिरवून पातं पूर्ण मागं घ्या, मग झाकण सहज येतं. कागदाचे तुकडे चिमट्यानं काढा. कटर वारंवार अडकत असेल तर बहुतेक वेळा बाहेरून पावती ओढली जात असते कट व्हायच्या आधी. त्यावर स्क्रीनवर "थांबा, पावती येतेय" असं मोठ्या अक्षरात दाखवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

आणि रांग. दुपारी कागद संपला, लोकांनी बटणं दाबली, विंडोजनं सगळी टोकनं पोटात ठेवली, संध्याकाळी रोल घातला की चाळीस टोकनं सलग बाहेर. कँटीनमधे हे झालं तर चाळीस फुकट जेवणं. अशा वेळी प्रिंट स्पूलर सर्व्हिस (विंडोजमधे ही रांग सांभाळणारी) थांबवा, सी ड्राइव्हमधल्या विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फायली पुसा, सर्व्हिस परत सुरू करा. पण कायमचा इलाज म्हणजे छापायच्या आधी प्रिंटरला विचारायचं. १६, ४, ४ पाठवलं की तो एक बाइट परत देतो, १८ आला तर कागद आहे, ३० म्हणजे रोल संपत आलाय, ११४ किंवा १२६ म्हणजे संपला. ३० आल्यावरच मॅनेजरला मेसेज जाऊ द्या, आणि संपला असेल तर पैसे घेण्याच्या आधीच स्क्रीनवर सांगा. यूपीआयनं पैसे गेले आणि पावती आली नाही, यासारखं भांडण नाही. म्हणून टोकन नंबर स्क्रीनवर पण दाखवा आणि परत छापायची सोय मॅनेजरच्या पासवर्डखाली ठेवा, गिऱ्हाइकाच्या हातात नको.

पावती उडते ही तक्रार तुमच्यापर्यंत येतेच. उजेड, ऊन, सॅनिटायझर आणि तेल, चारही तिचे शत्रू. शेंगाचटणीच्या तेलकट हातानं धरलेलं बिल काही दिवसांत फिकट होतं, आणि प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेलं पण, कारण प्लास्टिक मऊ करायला घातलेली रसायनं लेपात उतरतात. वॉरंटीची पावती असेल तर त्याच दिवशी फोटो काढा असं पावतीवरच छापून टाकतो मी.

जाताना दाराच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवतो, त्यावर रोल कुठल्या बाजूनं घालायचा त्याचं चित्र, सेल्फ टेस्टचा फोटो, कुठल्या पोर्टला कुठली केबल. खाली एक पिशवी, त्यात एक जादा रोल, ब्रश, कापसाच्या काड्या. रोल तळाशी, वरच्या पत्र्याला लागून नाही. चित्र मात्र स्केच पेननं काढायचं, पहिल्यांदा मी शहाण्यासारखं ते थर्मल कागदावरच छापून लावलं होतं, मे महिन्यात दार उघडलं तर अख्खा कागद काळा.